एका नावाखाली दोन मासे

पेरणीचे दिवस जवळ आले की घरातली जाणती बाई सूप घेऊन ओसरीवर बसते. राखून ठेवलेल्या ज्वारीच्या बियाण्याचे गाठोडे सोडते आणि मूठ मूठ सुपात घेऊन निवडू लागते. लेकीसुनांना सगळे दाणे सारखेच दिसतात. तिला मात्र दाण्याच्या ठेवणीवरून, रंगावरून वाण कळतो. ‘हा आपला नव्हे,’ असे म्हणून ती एखादा दाणा बाजूला टाकते.

ही निवड कशासाठी? समजा, दोन वाणांचे बी एकाच पोत्यात मिसळले. एक वाण लवकर पिकणारा, दुसरा उशिरा येणारा. पोत्याला नाव मात्र एकच, ‘ज्वारी’. लवकरचे पीक तयार झाले की आपण सगळे शेत कापून घेतो. उशिराच्या वाणाचे कणीस तेव्हा हिरवेच असते. त्याचे बी पुढच्या पेरणीला मिळत नाही. पुढच्या साली तो वाण कमी होतो, त्याच्या पुढच्या साली आणखी कमी. काही वर्षांत तो शेतातून नाहीसा होतो. पोत्याचे नाव तेच राहते, पोतीही भरतात, आणि घरातला एक वाण गेला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

वाचकहो, आज सांगायची आहे ती हकीगत अशीच आहे. फक्त ती शेतातली नाही, समुद्रातली आहे. आणि समुद्रही आपला नाही, तर दूर युरोपातला, स्कॉटलंड, आयर्लंड आणि फ्रान्स या देशांच्या किनाऱ्याचा आहे. तिथे एक भला मोठा चपटा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला ऐंशीहून अधिक वर्षे एकाच नावाने ओळखले. प्रत्यक्षात त्या नावाखाली दोन जाती होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. नाव एक असल्यामुळे त्यांतली थोरली किती वेगाने संपत चालली आहे, हे बराच काळ कोणाला नीट कळलेच नाही.

पाकटाचे चुलत घराणे

ज्या भगिनींचे माहेर किंवा सासर कोकणात आहे, त्यांनी मासळी बाजारात पाकट पाहिला असेल. भाकरीसारखा पसरट अंग, दोन्ही बाजूंना पंखांसारखे रुंद पाख आणि मागे चाबकासारखी शेपटी. घाटावरच्या वाचकांनी तो पाहिला नसेल, तर पतंगाची आठवण करावी. चौकोनी पतंगाला मागे लांब शेपूट लावले की जो आकार होतो, साधारण तसाच हा मासा दिसतो.

पाकट, मुशी आणि आपण ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो मासा ही सगळी एका भावकीतली मंडळी. यांच्या अंगात खरे हाड नसते. आपल्या कानाच्या पाळीत जो लवचीक भाग असतो, तशा कूर्चेचा त्यांचा सांगाडा बनलेला असतो. चपट्या माशांचे तोंड खाली पोटाच्या बाजूला आणि डोळे वर पाठीवर. तळाच्या चिखलात अंग दडवून तो बसला, तर तोंडाने पाणी ओढताना चिखलच आत जाईल. म्हणून डोळ्यांच्या मागे दोन छिद्रे असतात. त्यांतून तो स्वच्छ पाणी आत घेतो आणि पोटाखालच्या कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडतो.

या युरोपातल्या माशाला इंग्रजीत ‘स्केट’ म्हणतात. पाकट आणि स्केट दिसायला भाऊभाऊ, पण त्यांच्यात दोन मोठे भेद आहेत. पहिला भेद शेपटीचा. आपल्याकडच्या बहुतेक पाकटांच्या शेपटीवर करवतीसारख्या दातांचा विषारी काटा असतो. म्हणूनच जाळ्यात पाकट आला की कोळी बांधव आधी त्याच्या शेपटीला जपतात. स्केटच्या शेपटीला असा विषारी काटा नसतो. बाभळीच्या फांदीवर असावेत तसे लहान काटे कातडीवर ओळीने असतात, आणि शेपटीच्या टोकाजवळ दोन छोटे पर असतात.

दुसरा भेद पिलांचा. पाकटाची मादी जिवंत पिलांना जन्म देते. स्केटची मादी अंडी घालते. ते अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे नसून, चामड्याच्या चौकोनी बटव्यासारखे असते आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना शिंगांसारखी टोके असतात. या बटव्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

नावाची गफलत कशी झाली?

स्वीडनचे लिनियस हे वनस्पती आणि प्राणी यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणारे थोर पंडित. त्यांनी १७५८ साली या मोठ्या स्केटला ‘बॅटिस’ हे नाव दिले. पुढे १८३७ साली रिचर्ड पार्नेल या अभ्यासकाने स्कॉटलंडच्या माशांत एक स्केट निराळी म्हणून वेगळी काढली आणि तिला ‘इंटरमीडिया’ असे नाव दिले. म्हणजे दोन वाण आहेत हे एका जाणत्या नजरेने तेव्हाच टिपले होते.

पण १९२६ साली क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने युरोपातल्या या सगळ्या चपट्या माशांचा पुन्हा आढावा घेतला आणि त्या दोन जाती एकच ठरवल्या. दोघींना मिळून ‘बॅटिस’ हे एकच नाव राहिले. सामान्य लोक तिला ‘कॉमन स्केट’, म्हणजे नेहमी आढळणारी स्केट म्हणत.

क्लार्क यांना एकदम दोष देण्यातही अर्थ नाही. हे मासे फार मोठे. संग्रहालयाच्या बरणीत अखखी थोरली स्केट कशी मावणार? ठेवली जातात ती बहुधा लहान पिले, आणि द्रवात बुडवून ठेवलेल्या नमुन्याचे रंग काही काळाने उडून जातात. दोन जातींतला फरक तर रंगात, ठिपक्यांत आणि आकारमानात होता. शिवाय पिलू असताना एक धाकटीची प्रौढ मादी आणि एक थोरलीचे वाढते लेकरू शेजारी ठेवले, तर लांबीने ती सारखी भरतात. पाहणाऱ्याला वाटणार, एकाच जातीचे दोन मासे आहेत.

शेतात एक चूक झाली तर ती पुढच्या हंगामात उघडी पडते. पुस्तकातली चूक मात्र तिथेच राहते आणि पुढचे लोक तिच्यावरूनच शिकतात. तसेच झाले.

आयरिश समुद्र रिता झाला

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्राला आयरिश समुद्र म्हणतात. एके काळी तिथे ही स्केट इतकी मिळे की नावच ‘कॉमन’ पडले. पुढे वाफेवरच्या आणि मग तेलाच्या इंजिनांच्या ट्रॉलर बोटी आल्या. समुद्राच्या तळावरून मोठे जाळे फरफटत नेण्याची पद्धत रूढ झाली. हे जाळे काही स्केटसाठी टाकलेले नसे. दुसऱ्या माशांबरोबर स्केट आपोआप येई.

दुसरे मासे इतक्यावरही तग धरतात, कारण बांगडा, सुरमई यांसारखे मासे अंडी घालतात ती लाखांनी. स्केटची गोष्ट निराळी. तिची मादी वयाच्या दहा वर्षांच्या पुढे वयात येते आणि हंगामाला चाळीसेक अंडी घालते. आपल्याकडे कालवड अडीच-तीन वर्षांत गाभण राहते. एखाद्या गोठ्यातल्या कालवडीला गाभण राहायला दहा-बारा वर्षे लागली, आणि दरम्यान बाजारात रोज एक जनावर विकत राहिले, तर तो गोठा किती दिवस टिकेल?

आणखी एक अडचण होती. अंड्यातून बाहेर पडणारे स्केटचे पिलूच मुळी वीतभर लांब असते. ते जाळ्याच्या भोकातून निसटत नाही. म्हणजे जन्मल्या दिवसापासून ते पकडले जाऊ शकते, आणि पहिले अंडे घालायला त्याला दहा वर्षांहून अधिक काळ जाळ्यांतून वाचून राहावे लागते.

१९८१ साली कीथ ब्रँडर या शास्त्रज्ञाने ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकात लिहिले की आयरिश समुद्रातून कॉमन स्केट नाहीशी झाली आहे. मासेमारीमुळे एखाद्या भागातून सागरी मासा संपू शकतो, हे त्या लेखाने जगाच्या नजरेला आणले. तोवर समुद्र अथांग आहे, त्यातले मासे संपतील कसे, असेच बहुतेकांना वाटत असे.

तरीही एक दिलासा दिला जात होता. आयरिश समुद्रात नसली तरी ही स्केट दुसरीकडे आहे. फ्रान्सच्या बंदरांत ती अजून उतरते, विकली जाते. वहीत तिची नोंद होते. मग काळजी कसली?

फ्रान्सच्या बंदरातला उलगडा

हा उलगडा २००९-१० च्या सुमारास झाला. फ्रान्सचे सामुएल इग्लेसियास आणि त्यांचे सहकारी बंदरांवर जाऊन उतरलेल्या स्केट स्वतः पाहू लागले. कागदावरची नावे न वाचता त्यांनी मासे हाताळले, मोजले, डोळे पाहिले, पाठीवरचे डाग पाहिले, शेपटीचे काटे पाहिले. हजारो मासे त्यांनी असे तपासले. मांसाचे नमुने घेऊन त्यांची आनुवंशिक तपासणीही केली.

त्यांना आढळले ते असे. बाजारात दोन नावांनी विकल्या जाणाऱ्या स्केटमध्ये प्रत्यक्षात पाच जाती मिसळलेल्या होत्या. आणि ‘कॉमन स्केट’ हे जे एक नाव, त्यातच दोन निराळ्या जाती होत्या. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे केलेल्या आनुवंशिक तपासणीतूनही हेच निघाले. दोघींची वस्तीही बरीचशी वेगळी. एकीचा मुक्काम मुख्यतः उत्तरेला, स्कॉटलंडच्या बाजूला, आणि दुसरीचा मुख्यतः दक्षिणेला, आयर्लंडच्या खालच्या समुद्रात.

पार्नेल यांनी १८३७ साली वेगळी काढलेली जात खरीच वेगळी होती. आता थोरलीला ‘फ्लॅपर स्केट’ म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव ‘डिप्टुरस इंटरमीडियस’. धाकटीला ‘ब्ल्यू स्केट’ म्हणतात आणि ‘बॅटिस’ हे जुने नाव तिच्याकडे राहिले आहे.

आता या गफलतीने नुकसान काय केले ते पाहा. समजा, एका गोठ्यात दहा म्हशी आणि वीस शेळ्या आहेत. धनी वहीत लिहितो, ‘जनावरे तीस’. पाच वर्षांनी म्हशी दोन उरल्या आणि शेळ्या अठ्ठावीस झाल्या. वहीत आकडा तोच, तीस. वही वाचणारा म्हणेल, गोठा भरलेला आहे. दूध मात्र आटलेले असेल.

फ्रान्सच्या बंदरांत उतरत होती ती बहुतांशी धाकटी. तिच्यामुळे ‘कॉमन स्केट’ हे नाव वहीत दिसत राहिले, आणि त्या नावाआड थोरली झपाट्याने कमी होत गेली.

दुसरी चूक याहून घातक होती. धाकटीची मादी सुमारे सव्वा मीटर लांबीची झाली की वयात येते. थोरलीची मादी मात्र सुमारे दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट झाल्यावरच आई होण्याजोगी होते. दोघी एकच आहेत असे मानले, की सव्वा मीटरची थोरली पाहून माणूस म्हणतो, ‘ही मोठी झाली, हिने एक-दोनदा अंडी घातलीच असतील, धरायला हरकत नाही.’ प्रत्यक्षात ते अजून लेकरूच असते. मिसळलेल्या बियाण्यात लवकरच्या वाणावरून कापणीचा दिवस ठरवावा, तसाच हा प्रकार.

ओळखायचे कसे?

शास्त्रज्ञांना आनुवंशिक तपासणी करता येते. पण होडीवरच्या कोळ्याने काय करावे? त्याला उघड्या डोळ्यांनी दिसेल अशी खूण हवी. अशा खुणा आहेत, आणि त्या अवघड नाहीत.

आधी मासा या दोघींपैकी आहे की नाही हे पाहायचे. या घराण्यातल्या मोठ्या स्केटचे नाक लांब आणि टोकदार असते. उलटी करून पाहिली तर पोट पांढरेशुभ्र नसते. ते राखाडी-निळसर असते आणि त्यावर काळे बारीक टिपके विखुरलेले दिसतात.  त्या समुद्रात सगळ्यांत जास्त दिसणारी काटेरी स्केट वेगळी. तिचे नाक आखूड, पोट पांढरे आणि पाठीवर बटणासारख्या बुडाचे जाड काटे असतात.

मग डोळे पाहायचे. ताज्या माशाच्या डोळ्यातले बुबुळाभोवतीचे कडे थोरलीत गडद हिरवट असते आणि धाकटीत फिकट पिवळे. नुसत्या डोळ्यांवरून अनुभवी माणूस पुष्कळदा बरोबर सांगतो.

त्यानंतर पाठीवरचे डाग. धाकटीच्या प्रत्येक पाखावर मध्यभागी एक गडद डाग असतो आणि त्याला फिकट कडा असते, जणू डोळाच काढला आहे. थोरलीच्या त्याच जागी फिकट ठिपक्यांचा पुंजका असतो. अंगणात तांदळाचे दाणे विखुरले म्हणजे दिसतात तसा.

शेवटी आकारमान. धाकटी पाच फुटांच्या आतच राहते. थोरली आठ फुटांच्या पुढे जाते आणि तिचे वजन शंभर किलोच्या वर भरू शकते. तेव्हा सहा फुटांची ‘कॉमन स्केट’ दिसली की ती थोरलीच समजावी. लहान माशाबाबत मात्र लांबीवर विसंबू नये. ती थोरलीची पोरही असू शकते. तिथे डोळे आणि डाग पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरोपच्या बाजारात स्केट बहुधा अखखी येत नाही. तिचे पाख कापून, कातडी सोलून विकतात. कातडी गेली की डाग गेले. डोके गेले की डोळे गेले. शेपटी गेली की काटे गेले. उरतो तो पांढरा मांसाचा तुकडा. तो पाहून जन्मभर मासे विकणारीलाही जात सांगता यायची नाही. म्हणून ओळख पटवायची तर ती होडीवरच, मासा अखखा असताना.

पाठीवरची सही

२००९ साली युरोपीय संघाने कॉमन स्केट धरून ठेवण्यास आणि उतरवण्यास बंदी केली. जाळ्यात आली तर परत समुद्रात सोडायची. पुढे २०२१ साली, निसर्गातल्या धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या संघटनेने थोरली आणि धाकटी या दोघींचा वेगवेगळा विचार केला. निष्कर्ष दोघींबाबत सारखाच निघाला, ‘अतिधोक्यात’. नामशेष होण्याच्या अलीकडची ही पायरी आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरांत शिरलेल्या खोल खाड्यांमध्ये, थोरलीची एक वस्ती टिकून राहिली आहे. तिथे हौशी लोक गळ टाकून तिला धरतात आणि परत सोडून देतात. सोडण्याआधी पाठीचे छायाचित्र घेतात. कारण थोरलीच्या पाठीवरचे ठिपके प्रत्येकीचे निराळे असतात. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसेच ते. वर्षे गेली तरी ही मांडणी ओळखता येते.

या छायाचित्रांची एक नोंदवही स्कॉटलंडच्या सरकारी निसर्ग खात्याने आणि ओबान गावच्या सागरी संशोधन संस्थेने मिळून २०१८ साली सुरू केली. तिचे नाव ‘स्केटस्पॉटर’. हजाराहून अधिक स्केट तिच्यात स्वतंत्रपणे नोंदल्या गेल्या आहेत. कोणती स्केट कोणत्या साली कुठे दिसली, ती मध्यंतरी किती वाढली, हे आता सांगता येते. खिल्लार खोंडाची खांदा, शिंग, भोवरा पाहून ओळख ठेवणारे शेतकरी आपल्यात आहेत. तीच विद्या तिथे माशाला लावली गेली.

खुणा केलेल्या माशांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. पुष्कळ स्केट वर्षानुवर्षे त्याच भागात राहतात. म्हणून त्या भागात, लॉख सुनार्ट ते जुराच्या सामुद्रधुनीपर्यंत, २०१४ साली सुमारे ७४० चौरस किलोमीटरचे सागरी संरक्षित क्षेत्र करण्यात आले. २०१६ पासून तिथे तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध आले. नाव नक्की झाले, राहण्याचे ठिकाण कळले, तेव्हा कुठे राखण करता आली.

दीड वर्षाचे अंडे

आता त्या चामडी बटव्याकडे वळू. थोरलीचे अंडे वीतभराहून मोठे, सुमारे २५ सेंटीमीटर लांबीचे असते. ताजे असताना त्याच्यावर सोनेरी-तपकिरी तंतूंचे आवरण असते, काथ्यासारखे. मादी ते दगडगोट्यांच्या तळावर ठेवते आणि निघून जाते. आत बलक असतो आणि त्याच्यावर पिलू हळूहळू वाढते.

किती हळू? पकडून सांभाळलेल्या एका अंड्यातून पिलू बाहेर यायला ५३४ दिवस लागले. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते. गाय साधारण नऊ महिन्यांनी विते, म्हैस दहा महिन्यांनी. समुद्राच्या तळाशी पडलेले हे अंडे दोन हिवाळे काढू शकते. त्या काळात त्याच्यावरून एकदा जरी लोखंडी दाते असलेले जाळे गेले, तरी खेळ संपला.

स्काय नावाच्या बेटाजवळ पाणबुड्यांना अशा अंड्यांची मोठी जागा सापडली. शंभराहून अधिक अंडी एका ठिकाणी होती. २०२१ साली सरकारने तातडीने ती जागा संरक्षित केली आणि २०२३ साली ते संरक्षण कायमचे केले.

पिलू निघून गेल्यावर रिकामा बटवा लाटांबरोबर वाहत किनाऱ्याला लागतो. तिकडची मुले त्याला ‘जलपरीचा बटवा’ म्हणतात. शार्क आणि स्केट यांच्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘शार्क ट्रस्ट’ या संस्थेने असे बटवे गोळा करून कळवण्याचा उपक्रम २००३ साली सुरू केला. शाळेतली पोरे, त्यांचे आईबाप, आजीआजोबा सुटीच्या दिवशी वाळूत शोध घेतात. वाळलेला बटवा आकसतो, म्हणून तो आधी पाण्यात भिजत घालायचा, फुगला की मोजायचा आणि मग तक्त्याशी ताडून जात ठरवायची. प्रत्येक जातीच्या बटव्याची लांबी-रुंदी आणि शिंगांची ठेवण वेगळी. कुठल्या किनाऱ्याजवळ कोणती स्केट अंडी घालते, याची माहिती अशी घरच्या माणसांनी जमवली. त्याला ना होडी लागली ना जाळे. बादलीभर पाणी आणि मोजपट्टी एवढ्यावर काम झाले.

यातून आपण काय घ्यावे?

वाचकहो, थोरली स्केट आपल्या समुद्रात नाही. पण गोष्ट आपल्या दारातली आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही ‘पाकट’ या एका शब्दाखाली अनेक जाती विकल्या जातात. कुणी वावभर वाढतो, कुणी ताटाएवढाच राहतो. यांतही पिले थोडी आणि वाढ सावकाश हाच प्रकार आहे. २००१ साली भारत सरकारने व्हेल शार्क, करवत मासे आणि एक काटेरी पाठीचा पाकट अशा काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणल्या. एके काळी जाळ्यात येणारा करवत मासा आज क्वचितच दिसतो. कायदा झाला तरी जाळ्यात काय आले ते ओळखणारा डोळा होडीवरच हवा, नाहीतर सोडायचे ते टोपलीत जाते. आमच्या कोळी भगिनींची नजर या बाबतीत तयार आहे. तिचा मान राखून, विचारून, लिहून ठेवले पाहिजे.

आणि शेतात? कपाशीवर, ज्वारीवर मावा पडतो. त्याच पानावर काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली एक छोटी अळी धावताना दिसते. पुष्कळ जण तिला कीड समजतात आणि पंप पाठीवर घेतात. ती तर ढालकिड्याची अळी, मावा खाणारी, आपल्याच बाजूची. तिला ‘अळी’ या एका नावाखाली टाकले आणि फवारले, की मावा खाणारे मेले आणि मावा मात्र काही दिवसांत पुन्हा वाढला. स्केटच्या वहीत झाले तेच इथे आपल्या हाताने होते.

म्हणून औषध आणण्याआधी पान उलटून पाहावे. बियाण्याच्या पिशवीवर वाण लिहून ठेवावा. घरातल्या म्हातारीला दाणे, शेंगा, कणसे यांची जी ओळख आहे, ती लेकीसुनांनी तिच्या शेजारी बसून शिकून घ्यावी. युरोपातल्या विद्वानांना एका माशाची खरी ओळख पटायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. आपल्या ओसरीवर ती विद्या अजून जिवंत आहे. ती बसल्या जागी आहे तोवर सूप घेऊन तिच्याजवळ बसा.

ओळखीच्या खुणा, थोडक्यात

पाकट की स्केट? पाकटाच्या शेपटीवर दातेरी विषारी काटा, जन्म जिवंत पिलांना. स्केटच्या शेपटीवर लहान काट्यांची ओळ, टोकाजवळ दोन छोटे पर, अंडी चामडी बटव्यात.

थोरली, म्हणजे फ्लॅपर स्केट: डोळ्यातले कडे गडद हिरवट. पाखांवर फिकट ठिपक्यांचा पुंजका. लांबी आठ फुटांच्या पुढे जाते. मादी सुमारे दोन मीटरला वयात येते.

धाकटी, म्हणजे ब्ल्यू स्केट: डोळ्यातले कडे फिकट पिवळे. दोन्ही पाखांवर फिकट कडेचा एकेक गडद डाग. लांबी पाच फुटांच्या आत. मादी सुमारे सव्वा मीटरला वयात येते.

दोघींत सारखे: नाक लांब व टोकदार, पोट राखाडी-निळसर, त्यावर काळे बारीक टिपके.